ट्रोलिंगसाठी ब्रेडेड लाईन कुठली घ्यावी? (सुरमई, निवती-वेंगुर्ले भाग)

खडपावरचा | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, जरा सविस्तर लिहितो, कारण कालपासून डोक्यातून जातच नाहीये. काल पहाटे मतलई वाऱ्यावर आम्ही चौघं निवतीहून बाहेर पडलो, मी, दोन मित्र आणि तात्या (होडी त्यांची, तांडेलही तेच). दीपगृहाच्या बाहेरच्या अंगाला मागे दोन रॉड लावून फिरत होतो (ट्रोलिंग म्हणजे हेच, चालत्या होडीमागे आमिष ओढणं), लिपवाले ल्यूर (नकली मासे), वेग ५ नॉटच्या आसपास. साडेसातला उजवीकडचा रॉड असा वाकला की होल्डरमधून काढताना दोन हात कमी पडले. मासा एकदा वर दिसला, सुरमईच, पाठीचा निळा पट्टा स्पष्ट दिसला, वजन ८-९ किलो तरी असावं. दुसऱ्या हिसक्याला सगळं सैल.

ल्यूर परत आला तेव्हा तार धड, गाठ धड, गळ सरळ झालेला नाही. फक्त मागच्या ट्रेबलच्या (तीन टोकांच्या गळाच्या) एका टोकाला ओठाची पांढरट कातडी चिकटलेली होती, नखाएवढी. तात्या एवढंच म्हणाले, "दोरी घट आसा म्हणान मासो गावता असा नाय."

माझा सेटअप: ३० साईझचा मल्टिप्लायर रील (४० पाउंडी मोनो, म्हणजे एकसंध नायलॉनची लाईन, २५० मीटर मावतो), त्यावर शेवटपर्यंत ब्रेडच (विणलेली लाईन), ५० पाउंड लिहिलेली, ऑनलाईन स्वस्तात घेतलेली. पुढे दीड मीटर फ्लुरोकार्बन आणि वीतभर तार. ड्रॅग (मासा ओढेल तशी लाईन सोडणारा रीलचा ब्रेक) घट्ट होता, ५० पाउंडाची लाईन आहे तर घाबरायचं कशाला असं माझं गणित. आता ही लाईन काढून नवीन भरायची आहे. ४ पदरी घेऊ की ८ पदरी? किती पीई? की ट्रोलिंगला सरळ मोनोच बरा? हंगाम हातात आहे तोवर नीट करायचंय.

मतलई | सोमवार, रात्री १०:२५

वाईट वाटलं वाचून, निवतीच्या बाहेरची सुरमई हातची जाणं काय असतं ते माहितीये.

पण बघ, तुझी लाईन तुटलीच नाही, माशाचा ओठ फाटला. म्हणजे नवीन लाईन याहून मजबूत घेऊन प्रश्न सुटणार नाही. ब्रेड ही पॉलिथिलीनच्या फार बारीक धाग्यांची वेणी, ती ताणली जातच नाही म्हटलं तरी चालेल, तुटेपर्यंत ३-४ टक्के. नायलॉनचा तंगूस, म्हणजे मोनो, तुटायच्या आधी २० टक्क्यांच्या पुढेही लांबतो. जिगिंगला, कास्टिंगला हा ब्रेडचा गुणच, खालची बारीक टकटक हाताला कळते. ट्रोलिंगमध्ये मात्र होडी ५ नॉटने म्हणजे तासाला ९ किलोमीटरने एकीकडे चाललीये आणि सुरमई घास घेऊन उलट्या दिशेला सुटते, तो सगळा धक्का त्या नखाएवढ्या कातडीवर येतो. सुरमईचा जबडा वरून कडक वाटतो पण कडेची कातडी पातळ, गळ कोपऱ्यात बसला नाही तर चिरत जातो.

ब्रेड बारीक असते म्हणून घ्यायची, ताकद हा वरचा फायदा. बारीक लाईन पाणी कापते, ल्यूर जास्त खोल जातो, रीलवर लांबी भरपूर मावते. आणि जी लवचिकता गेली ती तीन ठिकाणी परत आणायची: मऊ टोकाचा रॉड, सैल ड्रॅग, आणि पुढे मोनोचा लांब टॉपशॉट (ब्रेडच्या टोकाला जोडलेला तुकडा). दीड मीटर फ्लुरो हा टॉपशॉट नव्हे, तो ल्यूरजवळचा लीडर झाला.

ड्रॅग किती होता ते मोजलंयस का? बॅगा मोजायचा हुकवाला काटा असतो ना, त्याला लाईन अडकवून रॉडमधून ओढ आणि आकडा सांग.

कुतूहल_७ | सोमवार, रात्री १०:५०

मी नवीन आहे, अलिबागला खडकावरून गरवतो, ट्रोलिंग अजून केलेलं नाही. पीई म्हणजे काय ते कुणी सांगेल का? एका पाकिटावर पीई ३ - ५० पाउंड, दुसऱ्यावर पीई ३ - ४० पाउंड, तिसऱ्यावर फक्त ०.२८. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला सगळं सेम.

रेवदंडेकर | मंगळवार, सकाळी ७:१५

सेम नाही दादा. पीई हा जपानी मोजणीतला जाडीचा नंबर, आणि पाउंड म्हणजे किती वजनाला तुटते ते. पीई १ ची जाडी साधारण ०.१६५ मिमी, पीई २ ची ०.२३५, पीई ३ ची ०.२८५, पीई ४ ची ०.३३, पीई ६ ची ०.४० च्या आसपास. नंबर दुप्पट झाला की जाडी दुप्पट होत नाही, धाग्याचा ऐवज दुप्पट होतो, म्हणून ते आकडे असे चालतात. पाउंड मात्र धागा कसला, वीण किती घट्ट, आणि कंपनी कमीत कमी ताकद लिहिते की जास्तीत जास्त, यावर बदलतात. त्यामुळे एकाच पीई ३ वर ४० पण दिसेल आणि ५० पण, दोन्ही खरे असू शकतात.

खोटं कुठे असतं सांगतो. स्वस्त लाईनवर बऱ्याचदा पाउंड खरे असतात पण जाडी खोटी, नाहीतर दोन्ही खोटे. घरी तपासता येतं. पेन्सिल घ्यायची, लाईन एकाला एक चिकटवून २० वेढे द्यायचे, दाबायचे नाहीत आणि एकावर एक चढू द्यायचे नाहीत, मग पट्टीने २० वेढ्यांची रुंदी मोजून २० ने भागायचं. ब्रेड थोडी चपटी पडते म्हणून आकडा अगदी तंतोतंत येत नाही, पण ०.२८ आणि ०.४० मधला फरक लपत नाही. ताकद बघायची तर लाईन ओली करून काट्याच्या हुकाला गाठ न मारता दहा-बारा वेढे देऊन अडकवायची, दुसरं टोक गुळगुळीत गोल दांड्याला तसंच गुंडाळायचं, आणि हातमोजे घालून ओढायचं. मोकळ्या हाताने अजिबात नाही.

४ पदरी की ८ पदरी याबद्दल: ८ पदरी गोल, गुळगुळीत, गाईडमधून (रॉडवरच्या रिंगांमधून) आवाज न करता जाते आणि फेक लांब जाते. ट्रोलिंगमध्ये फेकायचंच नाहीये, सोडायचंय. ४ पदरीचा एकेक पदर जाड, म्हणून खडपाला किंवा होडीच्या काठाला घासली तर ती जरा जास्त तग धरते, आणि स्वस्तही पडते. मी ट्रोलिंगच्या रीलवर ४ पदरीच भरतो आणि ८ पदरीचे पैसे पॉपिंगच्या रॉडसाठी राखून ठेवतो. पॉवरप्रो, सफिक्स, डायवाची जे-ब्रेड, तिन्ही वापरून झाल्यात, अस्सल असेल तर तिन्ही चालतात.

तळकोकणी | मंगळवार, दुपारी १:३०

मी वेगळं मत मांडतो. माझ्या वडलांनी आणि काकांनी चालत्या होडीमागे हातदोरीनेच सुरमई, गेदर, मोडसो काढले, तंगूस जाड आणि पुढे तार, बस. रॉडही नाही आणि रीलही नाही. तंगूस हातात धरता येतो, ब्रेड हाताने ओढून दाखवा.

माझ्या चुलतभावाने दोन वर्षांपूर्वी रीलचा ड्रॅग घसरतोय म्हणून ब्रेडचे दोन वेढे तळहाताला घेतले. मासा मोठा नव्हता, डगोळ होता. तर्जनीच्या बुडाशी हाडापर्यंत गेली लाईन, रक्त नंतर आलं, आधी नुसती पांढरी रेघ दिसली. चार टाके पडले, अजून ते बोट पूर्ण मिटत नाही. होडीवर नवीन पोरं असतात, त्यांना हे कुणी सांगत नाही म्हणून इथे लिहितोय. मासा होडीला लागला की ब्रेडला हात लावायचाच नाही, मोनोला किंवा तारेच्या वरच्या लीडरला लावायचा, तोही मोजा घालून.

आणि रॉडनेच करायचं असेल तरी ४० पाउंडी मोनो पूर्ण रील भरून ट्रोलिंगला काही कमी पडत नाही. २५० मीटर पुरतो. सुरमई पहिली धाव जोरात घेते, शे-दीडशे मीटर, मग दमते.

मस्कतकर | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

तळकोकणी, हाताचं जे लिहिलंत ते सोन्यासारखं आहे, प्रत्येक होडीवर हे पहिल्यांदा सांगायला हवं.

मी १४ वर्षं मस्कतला आहे, मूळ गाव देवगडजवळ. इथे सुरमईला कनद म्हणतात आणि १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर तिची मासेमारी बंद असते, ती उठली की शुक्रवारी सगळा किनारा पाण्यात असतो. पूर्ण मोनोवाले खूप भेटतात आणि त्यांना मासे मिळतातही. मी ब्रेड कशासाठी लावतो तर खोलीसाठी. ऊन वर आलं की सुरमई खाली जाते. एक्स-रॅप मॅग्नमवरचा १०, २०, ३० हा आकडा ल्यूर साधारण किती फूट खोल जातो त्याचा, जाड मोनोवर तेवढा जात नाही कारण पाण्यातली सगळी लाईन त्याला वर उचलत असते. ब्रेडवर तोच ल्यूर दोन-तीन फूट खाली चालतो, रॉडच्या टोकाच्या थरथरीवरून ते कळतं.

पण नुसती ब्रेड मीही ठेवत नाही. २० मीटर मोनो पुढे, ५० पाउंडी. एवढा मोनो झटक्यात मीटरभर तरी देतो आणि तेवढ्यानं कातडी वाचते. याने ल्यूरची खोली थोडी कमी होते, ती मला मान्य आहे. ४० मीटर मागे ल्यूर सोडला तर निम्मी ब्रेड निम्मा मोनो होतो. आणि मासा होडीजवळ आला की टॉपशॉट रीलवर चढलेला असतो, म्हणजे शेवटच्या उसळीला हाताशी मोनोच.

जोड एफजी गाठीने. दुसऱ्या बहुतेक गाठी २० मीटर आत-बाहेर करताना गाईडला ठेचकाळतात. ब्रेड मोनोवर आळीपाळीने वरून-खालून वीस वेळा विणायची, मग ओली करून दोन्हीकडून जोर लावून ओढायची. नीट बसली की ब्रेडचा रंग गडद होतो आणि ती मोनोत रुतलेली दिसते, बोट फिरवलं तर सरकत नाही. रंग फिका राहिला तर समजायचं बसलेली नाही, कापून परत करायची. घरी दहा वेळा करून बघा मगच होडीवर.

हर्णैची_पोर | मंगळवार, रात्री ९:१०

रील भरण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, कारण माझं पहिलं नुकसान तिथेच झालं. ब्रेड स्पूलवर थेट बांधली तर ती पकड घेत नाही, सगळा गठ्ठा स्पूलवर गोल फिरतो, बाहेरून वाटतं ड्रॅगच गेला. मी तर रील उघडून वॉशर बदलले होते. खाली आधी मोनोचे थर हवेतच.

खडपावरचा दादा, तुमच्या रीलचं गणित सोपं आहे. ४० पाउंडी मोनोची जाडी ०.५७ धरू, पीई ३ ची ०.२८५, म्हणजे बरोबर निम्मी. जाडी निम्मी की जागा पाव भाग लागते. ३०० मीटर ब्रेड म्हणजे ७५ मीटर मोनोची जागा, वर टॉपशॉटला २० मीटर, थोडी जास्तच धरा. २५० मधून हे वजा केलं की दीडशे मीटरच्या आसपास मोनो खाली भरा. ३०० मीटरची चांगली ब्रेड पुरते, ६०० ची गरज नाही, तेवढे पैसे वाचतात.

भरताना ब्रेड ओल्या फडक्यातून, चांगल्या ताणाने भरायची. सैल भरलेली असेल तर मासा लागल्यावर वरचा वेढा खालच्या थरात घुसतो, तिथे अडकतो आणि मग धावणाऱ्या माशाला लाईन मिळत नाही, खट्कन तुटते. मी पहिल्या फेरीला रिकाम्या पाण्यात १०० मीटर लाईन ल्यूरसकट मागे सोडून चालत्या होडीवर परत गुंडाळते, आपोआप घट्ट बसते.

आणि गाईड बघा. कापसाचा बोळा प्रत्येक रिंगमधून फिरवायचा, धागा अडकला तर तिथे चीर आहे. मोनोला अशी चीर चालून जाते, ब्रेडचे पदर एकेक करून कापले जातात. रोलरवाला रॉड असेल तर रोलर आणि कडेच्या पट्टीमध्ये बारीक ब्रेड शिरते, तिथे तर नकोच.

मतलई | मंगळवार, रात्री ९:४५

हर्णैची_पोर, तुझं लिहिलेलं मी सेव्ह करून ठेवलं. घुसलेल्या वेढ्यामुळे माझे दोन ल्यूर गेलेत आणि मी दोन्ही वेळा गाठीला दोष देत राहिलो.

मस्कतकर दादा, एका बाबतीत मात्र माझं जमत नाही. ५० ची ब्रेड आणि ५० चाच टॉपशॉट, म्हणजे ल्यूर खडपात अडकला तर कुठे तुटणार ते नशिबावर. माझ्यामते टॉपशॉट मुद्दाम ब्रेडपेक्षा हलका हवा, ४० चा. तुटलं तर पुढे तुटावं आणि ब्रेड सगळी परत यावी. शंभर मीटर ब्रेड तळाला राहिली तर ती वर्षानुवर्षं कुजत नाही, प्रवाळात गुंतते, कासवांच्या वल्ह्यांना गुंडाळते. आमच्याकडे वाळूत आलेलं एक ऑलिव्ह रिडले मी स्वतः सोडवलंय, पुढच्या पंखाला हिरवी ब्रेड इतकी रुतली होती की कात्री आत जाईना, नखं कापायच्या नेलकटरने एकेक वेढा काढला. त्या दिवसापासून होडीवर तुटलेली लाईन टाकायला झाकणाची बाटली ठेवतो.

मस्कतकर | मंगळवार, रात्री १०:३०

पटलं. इथे आम्ही बहुतेक मोकळ्या पाण्यात असतो, खाली वाळू, म्हणून मला ते कधी जाणवलं नाही. निवती-मालवणच्या खडपांत ४० चाच बरोबर. फक्त टॉपशॉट पहिले दोन मीटर दर फेरीनंतर चाचपून बघा, खरखरीत लागला की कापा. सुरमईबरोबर दुसरी सुरमई असते आणि ती चमकणाऱ्या स्विव्हलवरच (जोडाच्या फिरत्या कडीवर) तोंड मारते, तिथे मोनो कुरतडला जातो. काळे स्विव्हल वापरा.

तळकोकणी | बुधवार, सकाळी ८:००

कासवाचं वाचून बरं वाटलं, सगळे असे वागले तर बरं. मालवणात फिरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीचा पट्टा १९८७ सालापासून सागरी अभयारण्याचा गाभा आहे, तिथे ल्यूर ओढत फिरायचं नाही.

आणि दोन रॉडपैकी एकावर ब्रेड आणि एकावर मोनो असं करू नका. होडी वळताना लाईनी एकमेकांवर आल्या की ब्रेड मोनोला करवतीसारखी कापते. दोन्हीकडे सारखंच ठेवा, वळण मोठं घ्या, आणि एका बाजूचा ल्यूर जवळ तर दुसऱ्या बाजूचा लांब.

कुतूहल_७ | बुधवार, सकाळी ११:२०

रंगाचं काही आहे का? दर १० मीटरला रंग बदलणारी लाईन दिसली, महाग आहे.

रेवदंडेकर | बुधवार, दुपारी २:४०

पुढे २० मीटर मोनो असताना माशाला ब्रेडचा रंग दिसायचा प्रश्न नाही. तुला दिसावी अशी घे, पिवळी किंवा पोपटी, तीन रॉड असताना कुठली लाईन कुठे चाललीये ते लांबून कळतं. रंगीत मोजमापाची चांगलीच, पण एकरंगी लाईनवर टॉपशॉटच्या गाठीपासून १०, २०, ३० मीटरवर परमनंट मार्करने काळे पट्टे केले की तेच काम होतं. ज्या अंतरावर मासा लागला तेवढंच परत सोडता यायला हवं, इतकाच त्याचा उपयोग. पट्टे दोन-तीन फेऱ्यांत फिके पडतात, परत ओढायचे. रंग उडाला म्हणजे लाईन गेली असं नाही. पदर फुललेले, लोकरीसारखे दिसले तर तेवढा भाग कापायचा. हंगाम संपला की गोड्या पाण्याने धुवून लाईन उलटी भरायची, आतला कोरा भाग बाहेर येतो.

खडपावरचा | बुधवार, रात्री ११:०५

सगळ्यांचे मनापासून आभार, संध्याकाळपासून हेच करत बसलोय.

आधी ड्रॅग. काट्याला ८ किलो आला! मी हाताच्या अंदाजाने ३-४ समजत होतो. मग पेन्सिल. पाकिटावर ०.२८ लिहिलेलं, २० वेढे भरले ८ मिमी, म्हणजे ०.४०. पीई ६ एवढी जाड. मग रेवदंडेकर दादांच्या पद्धतीने ओली करून ओढली, तीनदा. १५, १४.५ आणि १५ किलोला तुटली. ५० पाउंड म्हणजे पावणेतेवीस किलो व्हायला हवेत. म्हणजे दुप्पट ऐवजाची आणि दोन-तृतीयांश ताकदीची लाईन घेऊन मी वर्षभर फिरत होतो, ल्यूर खोल का जात नाही म्हणून ल्यूर बदलत होतो. त्या १५ किलोच्या लाईनवर ८ किलो ड्रॅग. सुरमईचा ओठ फाटला नसता तर पुढच्या खेपेला लाईनच गेली असती, तीही ल्यूर-तारेसकट माशाच्या तोंडात राहून, आणि ते जास्त वाईट.

आता ठरवलंय: पीई ३, ४ पदरी, पिवळी, ३०० मीटर, खाली दीडशे मीटर मोनो, पुढे ४० पाउंडी २० मीटर. दोन्ही रॉडना सारखंच. ड्रॅग ३ किलो, काट्याने मोजून, आणि मासा पहिली धाव घेत असताना त्याला हात लावायचा नाही. तात्यांना फोनवर सगळं वाचून दाखवलं, त्यांनी तळकोकणींचा बोटाचा किस्सा दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले पोरांसाठी मोजे घेऊन ये.

खडपावरचा | ११ दिवसांनी, रविवार, दुपारी ३:२०

आत्ताच धक्क्यावरून आलो. सकाळी आठच्या सुमारास एक लागली, ६ किलो २०० ग्रॅम, तात्यांच्या काट्यावर. लागली तेव्हा रॉड वाकला पण तो हिसका नव्हता, दाबल्यासारखा वाकत गेला, आणि मग रील लांब, एकसारखं वाजत राहिलं. काळा पट्टा तीसचा गेला, मग सगळे पट्टे गेले. मी ड्रॅगला हात लावला नाही, तात्यांनी होडी हळू केली. १५-२० मिनिटांनी एफजी गाठ टोकातून टिक् करून आत आली तेव्हा तात्यांनी मोजा चढवला.

गळ कुठे होता तर परत ओठाच्या कडेच्या कातडीतच, भोक रुंद झालेलं, करंगळी जाईल एवढं.

एक अडचण राहिली. गाठ आत येताना दुसऱ्या गाईडला किंचित थांबते, मोनोचं कापलेलं टोक तिथे घासतंय असं वाटतं. टोक लायटरने गोल करू की आणखी जवळ कापू? मस्कतकर दादा, हर्णैची_पोर, सांगा, पुढच्या रविवारी परत जायचंय.

हर्णैची_पोर | रविवार, दुपारी ४:०५

अभिनंदन दादा!! लायटर नको, ब्रेड शेजारीच आहे आणि ती मोनोच्या कितीतरी आधी वितळते, नुसती ऊब लागली तरी गाठ कमजोर होते. टोक तिरकं कापा आणि त्यावरून ब्रेडचे सात-आठ अर्धे फास घेऊन उतार करा. आणि फोटो टाका.